झटपट बारीक होता येते काय?



गेल्या मंगळवारच्या वर्गात एक गोष्ट घडली. आपल्या वर्गातल्या एक मावशी घरून एक कागद घेऊन आल्या. रंगीत, गुळगुळीत कागद. पलूसच्या बाजारात कोणी तरी त्यांच्या हातात दिलेला. मावशींनी तो उभे राहून सर्वांना वाचून दाखविला. अडखळत वाचला, पण सगळा वाचला. "पोट सुटले आहे? गुडघे दुखतात? आठवड्यात पाच किलो वजन हमखास कमी. व्यायाम नको, कष्ट नको."

आम्हाला फार आनंद झाला. दोन वर्षांपूर्वी या मावशी बँकेत अंगठा उठवीत होत्या. आज त्या 'हमखास' हा शब्द न चुकता वाचतात. पण वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "गुरुजी, डब्याचं चार हजार सांगितल्यात. बचत गटातनं उचलू का?"

त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. नुसते 'नको' म्हटले असते, तर त्यांनी आमचे ऐकले असते, पण त्यांना पटले नसते. म्हणून आजची वेळ या प्रश्नासाठीच ठेवली आहे. वाचता आले, ही पहिली पायरी. वाचलेले पारखता आले पाहिजे, ही दुसरी.

आधी आमचीच फजिती सांगतो. लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

आम्ही मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. शाळेत असताना दिवसभर उभे राहणे, वर्गावर्गांतून फिरणे, मुलांबरोबर मैदानावर जाणे असे चालत असे. निवृत्तीनंतर ते सुटले. भूक मात्र सुटली नाही. दोन वर्षांत वजन 74 किलोवरून 82 वर गेले. सदऱ्याच्या गुंड्या लागेनात. तेव्हा एका ओळखीच्या माणसाने एक डबा आणून दिला. त्यातली पूड पाण्यात कालवून सकाळ-संध्याकाळ प्यायची. दुपारी थोडी काकडी, थोडे टोमॅटो. भाकरी बंद, भात बंद.

सहा आठवड्यांत आमचे वजन सात किलोंनी उतरले. जो भेटे तो म्हणे, "गुरुजी, झकास बारीक झालासा की!" आम्हीही फुशारलो. पण जिना चढताना पाय लटपटू लागले. रात्री भाकरीची स्वप्ने पडू लागली. शेवटी नातवाच्या वाढदिवसाला जे जेवलो, ते जेवतच राहिलो. पुढच्या गणपतीपर्यंत वजन 84 किलो झाले. म्हणजे पैसे गेले ते गेले, वर दोन किलो पदरात पडले.

असे का झाले? आम्ही काही डॉक्टर नाही. पण गणित आम्ही जन्मभर शिकविले आहे. तेव्हा हे गणित फळ्यावर मांडून पाहू.

आपण जे खातो त्यातून शरीराला शक्ती मिळते. ती मोजण्याचे माप म्हणजे उष्मांक. त्यालाच कॅलरी म्हणतात. साधारण काम करणारा माणूस दिवसाला सुमारे 2,000 उष्मांक खर्च करतो. कष्टकरी अधिक करतो, बसून राहणारा कमी करतो. आपण खर्चापेक्षा जास्त खाल्ले, की उरलेले चरबी होऊन अंगावर साठते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 उष्मांकांची शिल्लक.

आता समजा, मावशींनी सात दिवस काहीच खाल्ले नाही. नुसते पाणी प्यायल्या. तसे कोणी करू नये. पण हिशेबापुरते धरू. सात दिवसांचा खर्च किती? 2,000 गुणिले 7, म्हणजे 14,000. त्याला 7,700 ने भागा. उत्तर दोन किलोंपेक्षाही कमी येते. म्हणजे माणूस आठवडाभर उपाशी राहिला, तरी त्याची दोन किलोसुद्धा चरबी जळत नाही. मग कागदावरचे पाच किलो आले कोठून?

काटा खोटे बोलत नाही. पाच किलो उतरतात सुद्धा. पण काट्याला फक्त ओझे कळते. ते ओझे चरबीचे, पाण्याचे की मांसाचे, हे त्याला कळत नाही. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा असतो. अडीअडचणीला वापरायची ती बेगमी. या साखरेबरोबर तिच्या दुप्पट-तिप्पट पाणी बांधलेले असते. खाणे एकदम तोडले, की शरीर आधी हा साठा वापरते. साखर संपली, की तिचे पाणी लघवीवाटे निघून जाते. पहिल्या आठवड्यात काटा भराभर उतरतो, तो मुख्यतः यामुळे. पुन्हा जेवू लागलो, की साठा भरतो, पाणी परत येते आणि काटा वर चढतो. ओला टॉवेल पिळला, तर हलका होतो. म्हणून तो झिजला असे आपण म्हणत नाही.

आता पुढचा भाग ऐका. फार दिवस अपुरे खाल्ले, तर शरीर स्नायूही मोडून खाते. घरात जळण नाही म्हणून आढ्याचा वासा चुलीत घालावा, तसा हा प्रकार. आमचे पाय जिन्यावर लटपटत होते, ते यामुळेच असावे. शिवाय अन्न कमी मिळते आहे हे ओळखून शरीर काटकसर करू लागते. खर्च कमी करते आणि भूक वाढविते. वाईट पावसाळ्यात शहाणा शेतकरी हात आखडता घेतो, तसेच हे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात याचा एक मोठा प्रयोग झाला. अँसेल कीझ हे शास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते. 36 निरोगी तरुण आपखुशीने त्यात सामील झाले. सहा महिने त्यांना गरजेच्या जवळजवळ निम्मेच अन्न दिले. त्यांचे वजन सुमारे चौथा हिस्सा घटले. पण त्यांच्या मनात रात्रंदिवस अन्नाशिवाय दुसरे काही राहिले नाही. कोणी चिडके झाले, कोणी खिन्न झाले. पुढे पोटभर अन्न मिळू लागले, तरी कित्येकांची भूक भागेना. पोट भरे, पण मन भरेना. हे वाचले, तेव्हा नातवाच्या वाढदिवसाचे आमचे जेवण आम्हाला आठवले. आमच्या मनाचा दुबळेपणा म्हणून आम्ही स्वतःला दोष देत होतो. तो सारा दोष मनाचा नव्हता. उपाशी ठेवलेले शरीर आपली वसुली करीत होते.

नुसती वजनाची गोष्ट असती, तर हसून सोडून दिली असती. पण यात जिवालाही धोका आहे. आमच्या ओळखीचे एक द्राक्ष बागायतदार आहेत. त्यांना मधुमेह आहे. कोणी तरी सांगितले म्हणून त्यांनी जेवण बंद करून नुसत्या भाज्यांचा रस सुरू केला. साखर कमी करण्याच्या गोळ्या मात्र चालूच होत्या. तिसऱ्या दिवशी बागेत फवारणी करून घेताना त्यांना दरदरून घाम सुटला. हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध होऊ लागले आणि ते बांधावर बसले ते कलंडलेच. बरोबरचा गडी हुशार. मालक अजून शुद्धीवर आहेत, गिळू शकतात, हे पाहून त्याने त्यांना साखर चारली आणि गाडीवर मध्ये बसवून दवाखान्यात नेले. रक्तातली साखर फार उतरली होती. थोडक्यात निभावले.

म्हणून हे नीट ध्यानात ठेवा. ज्यांना मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास किंवा कडक पथ्य धरू नये. गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने तर असल्या वाटेला मुळीच जाऊ नये. वाढत्या वयाच्या मुलींनाही उपाशी ठेवू नये. 2019 ते 21 या काळात सरकारने घरोघर जी आरोग्य पाहणी केली, तीत आपल्या महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. अंगाने जाड दिसणारी बाईसुद्धा रक्ताने रोड असू शकते. तिचे अन्न तोडणे म्हणजे आजारावर आजार.

आता कोणी विचारील, "गुरुजी, मग ते दोनदाच जेवायचे पथ्य कसे? आमच्या पाहुण्यांना गुण आलाय." प्रश्न रास्त आहे. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी हा विचार मांडला. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी व्याख्यानांतून तो महाराष्ट्रभर पोहोचविला. कडकडून भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, 55 मिनिटांच्या आत जेवायचे. मध्ये काही खायचे नाही. याउलट मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर घरचे, आपल्या भागातले अन्न थोडे थोडे करून वेळेवर खावे, असे सांगत आल्या आहेत. यावर घराघरांत वाद झाले. सासू एका बाजूला, सून दुसऱ्या बाजूला!

आम्ही त्या वादात पडत नाही. पण दोन गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट. दीक्षितांच्या पथ्यात रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणेही सांगितले आहे. आपली माणसे 'दोनदा जेवा' एवढेच लक्षात ठेवतात आणि चालणे सोयीस्कर विसरतात. दुसरी गोष्ट. 2005 साली अमेरिकेतील बोस्टन येथल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 160 माणसांना चार निरनिराळी नावाजलेली पथ्ये वाटून दिली होती. वर्षाअखेर 93 जणच टिकले. चारही पथ्यांचा गुण जवळजवळ सारखाच आला. सरासरी दोन-तीन किलो वजन उतरले. अधिक कोणाचे उतरले? ज्याने आपले पथ्य अधिक नेटाने पाळले, त्याचे. पथ्य कोणते, यापेक्षा ते किती दिवस निभते, हे महत्त्वाचे ठरले.

आम्हाला यातून एक कसोटी सापडली आहे. ती तुम्ही पाटीवर लिहून घ्या. "हे मी पुढच्या वर्षी याच दिवशी करीत असेन काय?" पुडीवर जगणे पुढच्या वर्षी चालणार नाही. म्हणून तिचा गुणही पुढच्या वर्षी राहणार नाही.

मग निभणारे काय आहे? आपलेच अन्न. ज्वारीची भाकरी, मुगामटकीची उसळ, पालेभाजी, कांदा, ताक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी आहाराचे नवे मार्गदर्शन काढले. त्यात रोज सुमारे 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळे खावीत, डाळी-कडधान्ये वाढवावीत, मीठ, साखर, तेल बेताने वापरावे, असे सांगितले आहे. आपल्या ताटात भाकऱ्या तीन आणि भाजी दोन चमचे, असे असते. ते थोडे उलट करावयाचे. एक भाकरी कमी, एक वाटी उसळ आणि भाजी जास्त. पोट भरते आणि लवकर रितेही होत नाही.

आता चहाचा हिशेब करू. एका चमच्यात सुमारे पाच ग्रॅम साखर मावते. तिचे उष्मांक 20. आपल्याकडे पाहुणा आला, चहा. पाहुणा निघाला, चहा. दिवसाला सहा कप आणि कपाला दोन चमचे धरले, तर बारा चमचे साखर झाली. म्हणजे 240 उष्मांक. आता तीनच कप घ्या आणि कपाला एकच चमचा घाला. तीन चमचे झाले. नऊ चमचे वाचले. दिवसाला 180 आणि महिन्याला 5,400 उष्मांक वाचले. मघाच्या 7,700 शी ताडून पाहा. कागदावर महिन्याला पाऊण किलोच्या जवळ जाते. शरीर काटकसर करते हे आपण पाहिले. तेव्हा प्रत्यक्षात याहून कमी उतरेल. पण उतरेल. आणि चार हजार द्यावे न लागता, उलट साखरेचे पैसे वाचून उतरेल. एक गोष्ट सांगून ठेवतो. साखरेऐवजी गूळ घातला, तर फसवणूक आपलीच. गुळाचे उष्मांकही जवळजवळ तेवढेच. चहाबरोबरची बिस्किटे, फरसाण, भडंग आणि हंगामात येता-जाता तोंडात टाकायचे बेदाणे हेही हिशेबात धरावेत.

राहिला व्यायाम. तो शिकायला दूर जायला नको. आपल्या शेजारची किर्लोस्करवाडी 1910 साली औंध संस्थानच्या जमिनीवर वसली. कुंडलही त्याच संस्थानात होते. त्या औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यासच घेतला होता. आधी ते सँडो या परदेशी पहिलवानाच्या पद्धतीने व्यायाम करीत. पुढे सूर्यनमस्कारांकडे वळले आणि अनेक वर्षे ते न चुकता घालीत राहिले. त्यावर पुस्तक लिहिले, आपल्या संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू केले. 1868 साली जन्मलेले हे राजे 1951 साली वारले. नमस्कारांमुळेच इतके जगले, असे आम्ही म्हणणार नाही. पण राजाच्या पदरी वैद्य होते, पैसा होता. मनात आणते, तर झटपट उपाय त्यांनाही विकत घेता आले असते. त्यांनी निवडली ती रोजची, फुकटची आणि सावकाशीची वाट.

याची दुसरी बाजूही आपल्या भागात पाहायला मिळते. कुंडलच्या मैदानात कुस्ती गाजविलेला गडी पुढे तालीम सोडतो. जोर-बैठका सुटतात, पण दूध-तुपाचा खुराक सुटत नाही. पाच वर्षांत त्याचे पोट सुटते. खाणे आणि कष्ट ही बैलजोडी आहे. एक बैल बसला, की गाडी वाकडी जाते.

यावर वर्गातल्या बायका म्हणतील, "आम्ही रानात राबतो, आम्हाला कसला व्यायाम?" ज्या दिवसभर विरळणीला, खुरपणीला जातात, त्यांना वेगळा व्यायाम सांगायची गरज नाही. त्यांना पोटभर आणि सकस अन्नाची गरज आहे. पण आता पुष्कळांचे कष्ट कमी झाले आहेत. पाणी ठिबकने जाते, वाटण मिक्सरवर होते, रानापर्यंत माणूस मोटारसायकलवर जातो. तिथे चालणे मुद्दाम शोधावे लागते. आठवड्यात निदान 150 मिनिटे चालावे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. असे चालावे, की दम किंचित लागेल, पण बोलता येईल.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नुसत्या चालण्याने वजन फारसे उतरत नाही. अर्धा तास चालून सव्वाशे-दीडशे उष्मांक जळतात आणि एका वडापावात ते परत येतात. मग चालायचे कशासाठी? उतरलेले वजन पुन्हा चढू नये म्हणून, स्नायू टिकावेत म्हणून आणि साखर, रक्तदाब ताब्यात राहावा म्हणून. 2006 साली चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी आपल्याच देशातल्या 531 माणसांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले लोक होते. त्यातल्या काहींना आहार आणि चालणे सांगितले, काहींना गोळ्या दिल्या. तीन वर्षांच्या आसपास पाहिले, तेव्हा आहार आणि चालण्याने मधुमेह होण्याचे प्रमाण 28 टक्क्यांनी घटले होते आणि गोळ्यांनी 26 टक्क्यांनी. म्हणजे चालणे आणि आवरून खाणे हे औषधाच्या तोडीचे ठरले. पण लक्षात घ्या, ज्यांना मधुमेह झालेला आहे, त्यांनी यावरून गोळ्या बंद करावयाच्या नाहीत.

आम्ही स्वतः आता काय करतो, तेही सांगतो. पहाटे किर्लोस्करवाडीच्या रस्त्याने चालून येतो. बारा नमस्कार घालतो, घाई न करता. चहा दोन कप. रात्रीचे जेवण लवकर आणि हलके. पहिल्या महिन्यात काटा हललाच नाही, तेव्हा आमचाही धीर सुटला होता. पण दीड वर्षात वजन 84 वरून 77 वर आले आणि गेले वर्षभर तिथेच आहे. जिना चढताना पाय लटपटत नाहीत. लग्नात जेवतोही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या ताटावर येतो.

तर मावशी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर. चार हजार रुपये गटातच राहू द्या. तुमचे गुडघे दुखतात, ते खोटे नाही. वजन थोडे उतरले, तरी गुडघ्यावरचा भार हलका होतो. आधी सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. गुडघ्यांनी काय करावे, काय करू नये, हे डॉक्टरांना विचारा. नमस्कार लगेच घालू नका. सपाट रस्त्यावर दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात करा. रोज काट्यावर उभे राहू नका. महिन्यातून एकदा पुरे. शिंप्याच्या टेपने कंबर मोजा. बाईची 80 आणि पुरुषाची 90 सेंटीमीटरच्या आत असावी. आठवड्याला अर्धा किलो वजन उतरणे सुरक्षित, असे पोषण संस्था सांगते. त्याहून कमी उतरले, तरी वाईट वाटून घेऊ नका.

आणि तो कागद फाडून टाकू नका. पुढच्या मंगळवारी परत आणा. त्यावरच आपण वाचनाचा धडा घेऊ. 'हमखास' कोठे लिहिले आहे, किंमत कोठे लिहिली आहे, खाली मुंगीएवढ्या अक्षरांत काय छापले आहे, हे प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी वाचायचे. मग आजचे गणित त्याच्याशेजारी मांडायचे. मोठी अक्षरे कोणीही वाचतो. बारीक अक्षरे वाचता येऊ लागली, की तुम्ही खरे साक्षर झालात.